वास येतोय!

नगरपालिकेच्या इंजिनीयर बाईंनी कचऱ्याच्या डोंगरावर मातीचा जाड थर चढवला, त्याच्या पोटात पाइप घातले आणि आतला वायू बाहेर ओढून जाळायला सुरुवात केली. त्याला आज आठ दिवस झाले होते. मागच्या वर्षी त्यांनी दुर्गंधी झाकायला सुगंधी फवारे मारून पाहिले, तेव्हा समोरच्या इमारतीतल्या लोकांनी त्यांना चांगलंच धारेवर धरलं होतं. म्हणून आज कुणी बोलवायच्या आत त्या आपणहून त्या इमारतीच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

इतक्यात तिसऱ्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली आणि एक आजी बाहेर डोकावल्या.

"अहो बाई, वास येतोय!"

बाईंचं तोंड एवढंसं झालं. "कुठून येतोय, आजी?"

आजींनी डोळे मिटून भलामोठा श्वास घेतला. "खालच्या घरातून! तिथल्या सुनेनं दूध करपवलंय!"

इतकी वर्षं कचऱ्याच्या दुर्गंधीत दुसरा कुठलाच वास कळत नव्हता. आता एकेक खिडकी उघडू लागली.

"माझ्या कांद्याचा वास येतोय का गं?"

"येतोय, येतोय!"

"आणि आमच्या साबणाचा?"

"त्याचाही येतोय!"

बाई दोन-दोन पायऱ्या चढत वर धावल्या. दुसऱ्या मजल्यावर ती सून करपलेलं पातेलं हातात धरून ओशाळून उभी होती आणि अख्खी इमारत तिच्यासमोर रांग लावून त्याचा वास घेत होती.

बाईही वाकल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "वा! काय सुरेख करपलंय!"