बरोबर आहे

ए, ऐक ना गं आधी! आमची टॉपर, सरांची लाडकी, तिने एका पेशंटची छातीमागच्या मणक्यांतली सरकलेली चकती 'छोटी, बाजूची', म्हणजे पाठीकडून काढता येणारी, या प्रकारात टाकली आणि स्कॅन माझ्यापुढे धरला. "तू बघ ना एकदा." चकती चांगली मोठी, मधोमध, दगडासारखी कडक! अशी पाठीकडून काढायला गेलं तर पेशंटचे पाय जायचे. पण माझा नुसता जळफळाट. म्हटलं, ऑपरेशनआधीच्या मीटिंगमध्ये सर स्वतः बघतातच, होऊ दे सगळ्यांसमोर फजिती! "बरोबर आहे," मी तिला म्हणाले.

मीटिंगमध्ये ती म्हणाली, "सर, हिला दाखवलंय." सरांनी स्कॅन न बघताच बाजूला ठेवला. "हिने बघितलंय? मग मी कशाला बघू! हिची नजर चुकत नाही. उद्या ऑपरेशनला घ्या, पाठीकडून." टॉपरचा चेहरा असा पडला ना!

सांग, तू तेव्हा तोंड उघडलं असतंस?