तिसरा फ्यूज

"ठरलं तर मग," लेक म्हणाली. "उद्या सकाळी यानं एकट्यानं ट्रॅक्टर चालू केला, तर बाबा, तुम्ही माझ्याबरोबर शहरात यायचं. कायमचं. डोळ्यांचं ऑपरेशनही तिकडेच करून टाकू."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" म्हातारा उखडला. "आणि नाही झाला चालू तर?"

"तर तुम्ही इथेच. मी परत विषय काढणार नाही."

धाकटा बशीत चहा ओतत होता. मान वर न करताच म्हणाला, "घेऊन जा ताई एकदाचं. मीही जरा सुटेन."

हे मात्र म्हाताऱ्याच्या जिव्हारी लागलं. पोराशी रोज खटके उडत, पण ते घरातल्या घरात. बहिणीसमोर असं बोलावं त्यानं?

ट्रॅक्टर लेकीपेक्षा वयानं मोठा. उन्हाळ्यात गुणी बाळ, थंडीत मात्र हटून बसायचा. त्याच्या इंजिनात हवा जाते त्या नळीत एक हीटर होता. किल्ली अर्धी फिरवून धरली की आतली तार लाल व्हायची, तिच्यावर डिझेलचे थेंब पडून पेटायचे आणि 'फुस्स' असा बारीक आवाज यायचा. तो कानावर आला की मगच किल्ली पुरती फिरवायची. यात अवघड असं काहीच नव्हतं. पण धाकट्याला गेले तीन हिवाळे ते काही साधत नव्हतं. रोज उजाडताना खिडकीशी हाक यायची, "बाबा, या जरा. हा ऐकत नाहीये." मग म्हातारा कानटोपी चढवून, पोराच्या धांदरटपणाला नावं ठेवत शेडमध्ये जायचा आणि एका दमात काम फत्ते करून यायचा.

बायको गेल्यापासून अंथरुणातून उठायला त्याला एवढंच निमित्त उरलं होतं. हे तो कुणाजवळ बोलला नव्हता. बोलण्यासारखं होतं का ते?

पण आता पोरालाच सुटायचं होतं. उद्या तो जिवाचे कान करून बसणार आणि नेमका उद्याच त्याला जमणार. म्हाताऱ्याला चहा गोड लागेना.

दिवेलागणीला तो पाय मोकळे करण्याच्या नावाखाली शेडमध्ये शिरला. गेल्या उन्हाळ्यात धाकट्यानं ट्रॅक्टरला फ्यूजची नवी पेटी बसवली होती. प्रत्येक फ्यूजखाली चिकटपट्टी, तिच्यावर नाव. म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले, मान मागे नेली, पुढे आणली. अक्षरं नुसती मुंग्यांसारखी वळवळत होती. पण तिसरा हीटरचा, असं पोरानं बसवताना सांगितल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. तिसरा उपटून त्यानं स्वेटरच्या खिशात टाकला. स्वतःच्याच ट्रॅक्टरमध्ये चोरी! लाजेनं त्याचे कान तापले.

सकाळी पत्र्यावर दव गोठलं होतं. लेक मोबाइलचा दिवा लावून बॉनेटला टेकून उभी राहिली. म्हातारा लांब, दाराशीच थांबला. पोराच्या तोंडाकडे बघायची त्याची छाती होईना.

धाकट्यानं किल्ली अर्धी फिरवून धरली. बराच वेळ धरली. मग पुरती फिरवली. घर्र, घर्र, घर्र. इंजिन नुसतं कण्हलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर बॅटरीही कुरकुरायला लागली.

"नाही गं ताई," तो खाली उतरत म्हणाला. "हा बाबांशिवाय हलायचा नाही."

"थांब. बाबांना तरी होतोय का, ते बघू दे."

म्हाताऱ्यानं हे गणितात धरलंच नव्हतं असं नाही. आपली पाळी आली की फ्यूज गुपचूप परत बसवायचा, असं त्यानं ठरवलं होतं. पण पेटी होती नेमकी लेकीच्या कोपराशी.

"तू जरा बाहेर हो. इथे धूर होईल."

"होऊ दे. मला तुमची जादू बघायचीय."

आता आली का पंचाईत! म्हातारा सीटवर चढला. पोराला खोटं पाडून स्वतः इथे ठाण मांडायला निघालो, आता सगळं कबूल करून बॅग भरावी हे बरं, असं त्याच्या मनात आलं. तोवर हात सवयीनं आपली कामं उरकत होते. गिअर मोकळा केला, बाहेर ओढली की डिझेल तोडणारी खुंटी आत ढकलली, किल्ली अर्धी फिरवली. काही होणार नाही हे ठाऊक असूनही त्यानं कान दिला.

फुस्स.

त्याच्या अंगावर काटाच आला. हात आपोआप पुढे सरकला, किल्ली पुरती फिरली आणि इंजिन धडधडून उठलं. शेड पांढऱ्या धुरानं भरली.

"मानलं बाबा," लेक खोकत, हसत म्हणाली. "हरले मी."

धाकट्यानं बापाला हात देऊन खाली उतरवलं, त्याची कानटोपी नीट केली. मग तो सीटवर चढला आणि निघाला.

म्हातारा अंगणात येऊन उभा राहिला. फाटकाबाहेर आंधळं वळण होतं, तिथे धाकटा रोज हॉर्न द्यायचा. आजही त्यानं बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. नाहीच. त्यानं वाकून बटणाकडे पाहिलं, मान हलवली आणि सावकाश वळण घेतलं.

म्हाताऱ्याचा हात खिशातल्या फ्यूजवर गेला. म्हणजे हीटर चालूच होता. पोरानं किल्ली फिरवली तेव्हाही चालूच होता.

मग त्याला ती खुंटी आठवली. ती आपण आत ढकलली, म्हणजे ती बाहेर ओढलेली होती.

तीन हिवाळे, रोज सकाळी, ती बाहेरच ओढलेली असायची.