रोडग्याची पंगत

साखरा गावच्या मारुतीपुढे पंगत बसली आणि वाढप्याने मोहिनीच्या पत्रावळीवर अख्खा रोडगा ठेवला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला कणकेचा गोळा, चांगला मुठीएवढा. तिने तो कुस्करला, वर वरण घेतले, तूप घेतले आणि नुसतीच बघत बसली.

शेजारी बसलेल्या तिच्या बापाने, मसाजीने, सवयीने तिचा ग्लास काठोकाठ भरला. "सावकाश खाय. घाई न्हाई."

घाई कशी नाही? शेवटच्या माणसाचे जेवण झाल्याशिवाय पंगत उठायची नाही, ही गावची रीत. आणि शेवटी राहायची ती नेहमी मोहिनी, नाहीतर तिचा बाप. बाप मुळातच संथ जेवणारा. तिचे मात्र तसे नव्हते. लहानपणापासून तिचा घास छातीत अडकायचा. प्रत्येक घासामागे घोटभर पाणी लागायचे. मागे एकदा याच देवळापुढे घास असा रुतला की खाली जाईना, वर येईना. सगळी पंगत खरकटे हात वाळवत तिच्याकडे बघत होती. शेवटी ती देवळामागे पळाली आणि ओकली. तेव्हापासून तिने पंगत सोडली ती आजपर्यंत.

गावाने नजर काढून पाहिली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून सांगितले, अन्ननलिकेला सूज आहे, पोरीचे शरीर स्वतःच्याच अन्नाशी भांडते आहे. दूध बंद झाले, गहू बंद झाला, सूज उतरवणारे औषध गिळून झाले. दुखणे ढिम्म हलले नाही. मग हे नवे इंजेक्शन सुरू झाले, दर आठवड्याला पोटाच्या कातडीत. ते शेजारच्या शहनाजचाचीच्या फ्रीजात दुधाच्या पिशवीमागे असते, कारण मसाजीच्या घरी मेंढरे आहेत, फ्रीज नाही. चाची नातवंडांना दम भरते, "उसको हात लगाया तो देखो! मोहिनी का निवाला है उसमें."

परवा डॉक्टर म्हणाले होते, आता गहू खाऊन बघ.

मोहिनीने पहिला घास घेतला. चावला, गिळला आणि छातीवर हात ठेवून वाट पाहिली. घास मुकाट खाली गेला. दुसराही गेला. वांग्याची भाजी गेली. मग ती वाट बघायचेच विसरली आणि नुसती जेवू लागली. रोडग्याला निखाऱ्याचा असा खमंग वास असतो, हे तिला आज कळत होते. एरवी सगळा जीव घशातच अडकलेला असायचा. फार बरे वाटले तिला.

पत्रावळ साफ झाली. तिने मान वर केली, तर सगळ्यांचे हात थांबलेले आणि सगळे तिच्याच बाजूला बघत होते. पण ते तिच्याकडे बघत नव्हते. मसाजीच्या पत्रावळीवर रोडग्याचा चांगला मोठा तुकडा अजून तसाच होता आणि तो खाली मान घालून त्यातला कण कण तोंडात टाकत होता.

"मसाजी," समोरून रामसिंग ओरडला, "मेंढरामागं उभ्या उभ्या भाकर हाणणारा गडी तू! आन् पंगतीत बसला की काहून म्हातारा होऊन राहिला रे?"

मोहिनी बापाकडे बघतच राहिली. म्हणजे हा संथ नव्हताच कधी.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "माझं झालं."

मसाजीने चमकून तिची पत्रावळ पाहिली. "व्हय?"

"व्हय. उरका आता. तुमच्यापायी पंगत खोळंबली."

हशा पिकला. मसाजीही हसला आणि उरलेला तुकडा त्याने एका घासात तोंडात कोंबला. पण त्याचे डोळे भरून आले आणि घास काही केल्या खाली उतरेना.

मोहिनीने आपला ग्लास उचलला. बसल्यापासून तिने त्याला हातही लावला नव्हता. तो काठोकाठ भरलेलाच होता. तो तिने बापाच्या हाती दिला.

"सावकाश, बाबा. घाई न्हाई."