एका थेंबाचा नकाशा

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, पेला तोंडाला लावला, तेवढ्यात मी तो त्यांच्या हातातून घेऊन हुंगला. नुसतं कोकम सरबत होतं.

“हुंगलंस? आता पिऊनही बघ,” ते हसले. त्यांच्या यकृतावर चरबी आढळली होती, आणि यकृतावर चरबी म्हणजे चोरून दारू पिणं, असं सगळे नातेवाईक म्हणत होते. “एक थेंबही घेतला नाही गं कधी.” मी पेला पुन्हा एकदा हुंगला. दुसऱ्या दिवशी रक्ताची उलटी होऊन अण्णा गेले.

त्याच आठवड्यात, ते जाण्याआधी, तपासणीसाठी काढलेला त्यांच्या यकृताचा तुकडा सहा वर्षं रुग्णालयाच्या शीतपेटीत गोठून राहिला. शेवटी मीच तो माझ्या प्रयोगशाळेत मागवून घेतला. केसाहून पातळ चकतीवरून लेसर ठिपक्याठिपक्याने सरकला, आणि बंद घरात कुणी एकेका खोलीत दिवा लावत जावं, तसा चरबीच्या रेणूंचा नकाशा पडद्यावर उजळत गेला.

मग मी त्या नकाशात फक्त दारू प्यायल्यावरच तयार होणारा चरबीचा रेणू शोधून पाहिला. सगळे दिवे विझले; तो कुठेच नव्हता. काळ्याभोर पडद्यात माझाच चेहरा दिसत होता, पेला हुंगताना झुकला होता तसाच.

“अण्णा,” मी मोठ्याने म्हणाले, “तुम्ही खरं बोलत होतात. चुकले मी.”