वहिनीची चाळीस वाक्यं

आईने अंथरूण धरलं त्याला तीन वर्षं झाली. तिचं हगणंमुतणं काढायला दादाने एक बाई ठेवल्यात. त्यांना फक्त हिंदी येतं. त्यांचं गाव कुठलं, मुलंबाळं किती, असं मी एकदा वहिनीला विचारलं, तर म्हणाली, "मला कुठे येतंय मेलं हिंदी, विचारायला?"

आता दादा-वहिनी उत्तरेकडे फिरायला निघालेत. त्यामुळे महिनाभर वहिनी वहीत हिंदीतली चाळीस वाक्यं उतरवून घोकतेय. प्रवासात चार लोकांशी नीट बोलता यायला हवं म्हणे.

काल मी आईला भेटायला गेले, तेव्हाही घोकणं चालूच होतं. बाई आईचं भांडं धुऊन आल्या आणि फरशी पुसायला वाकल्या. तेवढ्यात सराव म्हणून वहिनी त्यांच्याकडे बघत इतक्या लाडिक आवाजात बोलली, की मला शिसारीच आली.

"आप बहुत थक गई होंगी. बैठिए ना. पानी लाऊँ?"

बाई गोंधळल्या. मग हसल्या. ओले हात कपड्यांना पुसून त्या जेवणाच्या टेबलाशी खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या.

अंगावर पाल पडावी तशी वहिनी ताडकन उठली.

"उठो! कुर्सी गंदी हो जाएगी! पहले फर्श पूरा करो!"



एवढं सगळं हिंदी तिला वहीत न बघता आलं.