दोन मीटर मोकळी जागा

व्हीआर हेडसेट आता प्रत्येक घरासाठी सज्ज आहे, असे कंपनीने जाहीर केले. खेळायला दोन मीटर लांब-रुंद मोकळी जागा अर्थातच ग्राहकाने द्यायची, हे जेसल पार्कच्या कौस्तुभला खोके उघडल्यावर कळले. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याच्या वडिलांची, हरिश्चंद्रांची, खाट त्यांच्यासकट जिन्यापाशी येऊ लागली.

"क्या काका, बाहर कैसे?" शेजारच्या धर्मेशभाईंनी विचारले.

"अंदर लढाई चालू है," हरिश्चंद्र हसून म्हणाले. मुलाची अब्रू तेवढी झाकली गेली.

पॅसेज अडवल्याबद्दल सोसायटीची नोटीस आली. कौस्तुभचे लेखी उत्तर सेक्रेटरींनी हरिश्चंद्रांच्याच हाती ठेवले.


"चूक मान्य आहे. पण सोफा जड आहे, कपाट भिंतीतले आहे. घरातून हलवता येईल असे दुसरे काही नव्हते."