अध्यक्षांची खुर्ची

अध्यक्षांनी आपल्या दालनाचं दार उघडलं, तर त्यांच्या खुर्चीत आधीच कोणीतरी बसलेलं होतं.

राष्ट्रीय पर्यावरण संरक्षण मंडळाचं उद्घाटन तासाभरावर आलं होतं. दालनात टेबल आणि खुर्ची एवढंच आलेलं. बाकी फर्निचर अजून वाटेत. खुर्ची मात्र नवीकोरी, उंच पाठीची, प्लॅस्टिकही न काढलेली. तिच्यात चार काड्या पसरून एक कबुतर ऐसपैस बसलं होतं. फुटक्या तावदानाची तक्रार बांधकाम खात्यात फिरतेय, तोवर त्यानं संसार थाटला होता.

शिपाई झाडू घेऊन पुढे झाला. कबुतर जरासं उठलं. खाली दोन अंडी.

"थांबा," अध्यक्ष म्हणाले.

"अलगद उचलून गच्चीवर ठेवतो, साहेब. आपण दोघंच आहोत इथे. कोणाला कळतंय?"

"तिघं आहोत."

अंडी असलेलं घरटं, मग ते कोणाच्याही जागेत असो, हलवायचं नाही. मंडळाच्या कायद्यातलं हे कलम त्यांनी स्वतः लिहिलं होतं. 'कोणाच्याही' या शब्दासाठी भल्याभल्यांशी वाकडं घेतलं होतं. पण आज फोटोग्राफर येणार होता. खुर्चीतल्या फोटोसाठी घरी भिंतीवर खिळासुद्धा ठोकून झाला होता.

"लोकांनी काय काय वशिले लावले या खुर्चीसाठी," शिपाई झाडू टेकवत म्हणाला. "आणि बाईंची बघा, थेट नेमणूक."

तेवढ्यात दारात अध्यक्षांची बायको आली. काखेत उशी; नवऱ्याच्या कंबरेसाठी तिनं स्वतः शिवलेली. तिनं खुर्चीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे.

"किती दिवस लागतात गं, पिल्लं उडायला?" त्यांनी विचारलं.

"दीड-दोन महिने तरी. आपल्या बाल्कनीत अंडी घातली होती, तेव्हा तुम्हीच काठी घेऊन धावला होतात."

"तेव्हा कायदा नव्हता."

"मग मी उठवते. मी काही मंडळात नाही."

खुर्चीच्या पाठीवर अध्यक्षांनी हात ठेवला. कबुतर फुगलं, पण जागचं हललं नाही. हात मागे आला.

"पंखा बंद करा," ते शिपायाला म्हणाले. "आणि तुमचं स्टूल आणा."

"आणि खिळा?" बायकोनं विचारलं.

"कॅलेंडर लाव."

तिनं सुस्कारा सोडला आणि उशी स्टुलावर ठेवली.

स्टुलाला जागा उरली होती ती टेबलाच्या अलीकडे, भेटायला येणाऱ्यांच्या बाजूला. अध्यक्ष तिथे बसले. कोटाची बटणं लावली, हात मांडीवर घेतले. फायलीतून मान वर काढून साहेब लोक बघतात, तसं कबुतरानं एका डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा आपल्या कामाला लागलं.